मादागास्करला सेवेसाठी निघालेलीस ना?

अगं, जुन्या कपड्यांची गाठोडी इथेच ठेव. तिथल्या बाजारात परदेशी जुन्या कपड्यांचे ढीग लागलेले असतात. त्यापेक्षा तिथली मालागासी भाषा शिकायला घे. फ्रेंचवर कचेरीतलं काम भागतं, वस्तीतल्या आजीशी गप्पा नाही होत.

फादर पेद्रो ओपेका या मिशनरी धर्मगुरूंनी १९८९ मध्ये राजधानी अंतानानारिव्होच्या कचराडेपोलगत आकामासोआ ही गरिबांची वस्ती उभी केली, ती फुकट वाटून नव्हे. खाणीत बायका हातोडीने दगड फोडून खडी करतात, त्याची मजुरी मिळते. पोरं शाळेत, घरं विटांची, बांधणारे गवंडी वस्तीतलेच. काम फार कष्टाचं, ते पाहून मला अजूनही खुपतं. पण म्हातारे, आजारी यांना मदत मिळतेच, तेव्हा लगेच वाद घालू नकोस. पोरांचे फोटो तर काढूच नकोस. आणि जेवणाची काळजी सोड, तिन्ही त्रिकाळ भातच असतो!