चिकू टँकमध्ये नाही, आता शोधायचा कुठे?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा १० वर्षांचा आहे, त्याने हट्ट करून लेपर्ड गेको (पालीच्या जातीचा, ठिपकेवाला पाळीव प्राणी) घ्यायला लावला, नाव ठेवलं चिकू. परवा रात्री टँकचं झाकण नीट लागलं नसावं, सकाळी बघतो तर टँक रिकामा. अख्खं घर पालथं घातलं पण पत्ता नाही. मुलगा धड जेवत नाहीये, त्यात सासूबाई भारतातून आल्यात आणि त्यांना पालीची इतकी भीती की पलंगावरून पाय खाली ठेवायला तयार नाहीत. बाहेर कडाक्याची थंडी. चिकू जिवंत असेल का आणि शोधायचा कसा?

उत्तर : आधी मुलाला जवळ घेऊन सांगा की चिकू घरातच असेल तर जिवंत सापडायची शक्यता खूप आहे. हे प्राणी शेपटीत चरबी साठवतात, शेपटी चांगली जाडजूड असेल तर मोठा गेको न खाता काही आठवडेसुद्धा काढू शकतो. पाण्याचं मात्र तसं नाही, म्हणून आजच प्रत्येक खोलीत भिंतीच्या कडेला बरणीच्या झाकणात थोडं पाणी ठेवा, खोल भांडं नको.

सासूबाईंना हे जरूर सांगा की हा आपल्या घरातल्या पालीसारखा भिंतीवर, छतावर चढत नाही. पालीच्या बोटांखाली चिकटून राहणाऱ्या पट्ट्या असतात, याला त्या नसतात, नुसती नखं असतात, त्यामुळे गुळगुळीत भिंत चढणं याला जमतच नाही. म्हणजे वरून अंगावर पडायचा प्रश्न नाही. विषारी तर अजिबात नाही. आणि पालीला पापण्या नसतात, याला असतात, डोळे मिचकावून बघतो. त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नका, त्यांच्या खोलीत आधी नीट शोधून घ्या आणि मग दाराच्या फटीला टॉवेलची गुंडाळी लावून द्या म्हणजे त्या तरी निवांत झोपतील.

आता शोधायचं. दिवसा सगळं घर उचकटू नका, खरंच सांगते. हा दिवसा कुठल्यातरी फटीत गप्प पडून राहतो आणि तुम्ही सामान ओढायला लागलात की अजून आत सरकतो, शिवाय जड कपाटाखाली किंवा रिक्लायनरच्या यंत्रात चिरडायची भीती असते ती वेगळीच. रिक्लायनर तर सापडेपर्यंत उघडू-मिटूच नका. धुवायचे कपडे एकेक झटकून मगच मशीनमध्ये टाका, बूट घालण्याआधी आत बघा. उंदरांसाठी चिकटपट्ट्या लावल्या असतील तर आत्ताच्या आत्ता उचला. तुमच्याकडे जमिनीत हीटिंगच्या जाळ्या असतील तर त्यांवर बारीक जाळी टेपने चिकटवा, कारण आतल्या डक्टमध्ये, म्हणजे गरम हवेच्या नळीत गेला की काढणं फार अवघड होतं.

त्याला काय हवं असतं ते लक्षात घ्या : ऊब, अंधार आणि अंग दोन्हीकडून टेकेल अशी चिंचोळी जागा. थंड रक्ताचा प्राणी, स्वतःची उष्णता तयार करत नाही, त्यामुळे थंडीत तो उबेकडे जाणार. टँक ज्या खोलीत आहे तिथूनच सुरुवात करा, टँकच्या मागे, खाली, पुस्तकांच्या कपाटामागे. मग फ्रिजच्या मागे कंप्रेसरजवळ, डिशवॉशरखाली, वॉटर हीटरपाशी, टीव्हीच्या कपाटात राउटर आणि वायरींच्या गुंत्यात. पोटावर झोपून टॉर्च जमिनीलगत आडवा मारा, उभं राहून बघितलं तर काही दिसत नाही.

रात्रीचं काम खरं महत्त्वाचं. झोपायच्या आधी सगळ्या खोल्यांची दारं लावून फटी टॉवेलने बंद करा, म्हणजे तो एका खोलीतून दुसरीकडे जाणार नाही. मग तांदळाची पिठी घरात असेलच, ती दाराशी आणि भिंतींच्या कडेने पातळ भुरभुरवा, रांगोळीची पूड नको. सकाळी पिठीत छोटे पंजे आणि मधोमध शेपटीची ओढलेली रेघ दिसली की खोली कळली, मग फक्त तीच खोली शोधायची! तिथे भिंतीलगत त्याची हीट मॅट (ऊब देणारी चटई) थर्मोस्टॅटला जोडून ३१-३२ अंश सेल्सिअसवर ठेवा, वर त्याचं नेहमीचं लपायचं घर ठेवा आणि शेजारी स्टीलच्या गुळगुळीत वाटीत थोडे मीलवर्म (त्याच्या खाण्याच्या जिवंत अळ्या) सोडा, त्यांना बाहेर चढता येत नाही आणि त्यांची वळवळ त्याला दिसते. दिवे घालवा आणि तासा-दोन तासांनी मंद टॉर्च घेऊन हळूच बघा. हे रोज रात्री करायचं, एका रात्रीत नाही आला म्हणून सोडून देऊ नका. मुलाला सकाळी पिठीवरच्या खुणा बघायचं काम द्या, नुसतं रडत बसण्यापेक्षा त्याला ते बरं वाटेल.

दिसला की शेपटीला हात लावू नका, घाबरला तर शेपटी टाकून देतो. पोटाखालून ओंजळीत उचला. शेपटी तुटलीच तर नवीन येते, जरा गोल आणि वेगळी दिसते. तोवर टँकमध्ये वाळूऐवजी पेपर टॉवेल अंथरा आणि जखम सुजली किंवा चिघळली तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या.

गारठून अगदी निपचित सापडला तरी गेला असं समजून टाकून देऊ नका. थंडीत हे प्राणी मेल्यासारखे पडतात. टँकमध्ये ठेवून हळूहळू ऊब द्या, हेअर ड्रायर किंवा गरम पाण्याची पिशवी नको. अंग पूर्ण गरम होऊन हालचाल सुरू होईपर्यंत खायला देऊ नका, कारण उबेशिवाय त्याला पचत नाही. पाणी आधी. आणि घरात सगळ्यांनी हात साबणाने धुवायचे, यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, फिरून गेलेली फरशीही पुसून घ्या.

प्रश्न : मेलबर्नहून लिहितोय. आमचा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) घरातच कुठेतरी गेलाय, रात्र रात्र जागून बघतोय पण दिसत नाही.

उत्तर : रात्री झोपा तुम्ही, तोही झोपलेला असतो! बिअर्डेड ड्रॅगन दिवसा जागणारा प्राणी आहे आणि चढायलाही त्याला आवडतं. सकाळी ऊन ज्या खिडकीत येतं तिथे बघा, पडद्यांच्या घड्यांत, सोफ्याच्या पाठीवर, कपाटाच्या वर. उन्हाच्या पट्ट्यात त्याच्या आवडीची हिरवी पालेभाजी ठेवा. सध्या तुमच्याकडे हिवाळा असेल तर तो एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात लांब झोप काढत असेल, मोठे ड्रॅगन त्या दिवसांत काही आठवडेही झोपतात, तेव्हा वॉर्डरोबचा तळ आणि पलंगाखालचे खोके एकेक करून सावकाश रिकामे करा.