एका नळीत तीस मोजमापं

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या दिरांना (वय 54) लिम्फोमा आहे. केमो दोनदा झाली, तरी आजार उलटला. आता मुंबईतल्या एका रुग्णालयात नव्या अँटिबॉडी औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीसाठी विचारलंय. संमतीपत्रात लिहिलंय की औषधाआधी, मग 2, 6 आणि 24 तासांनी, पुढे तिसऱ्या आणि आठव्या दिवशी रक्त घेणार आणि दर वेळी 'तीस सायटोकाइन व इम्यून मार्कर' तपासणार. त्यांचं हिमोग्लोबिन आधीच 9 आहे. इतकं रक्त कशाला? वर, हे रिपोर्ट आम्हाला मिळणार नाहीत म्हणे. सासूबाई म्हणतात, "माझ्या लेकावर प्रयोग नको." त्यांना काय सांगू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा, तुमचं बरोबर आहे, हा प्रयोगच आहे. पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न असतो तो औषध माणसाला किती मात्रेत झेपतं हा. गुण आला तर आनंदच, पण तशी हमी कुणी देत असेल तर तिथून उठून या. संमतीपत्र पाहून "यात काही नाही, सही करा" म्हणणाऱ्याचंही ऐकू नका.

आता रक्ताचं. सायटोकाइन म्हणजे प्रतिकारपेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं, आणि मार्कर म्हणजे रक्तात मोजता येणारी खूण. तीस तपासण्या म्हणजे तीस नळ्या नव्हेत. एका वेळी एकच मार्कर मोजणाऱ्या जुन्या एलायझा पद्धतीने एका मार्करला साधारण 100 मायक्रोलिटर सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) लागतं, आणि खात्रीसाठी प्रत्येक मोजणी दोनदा करतात. तीस मार्करना 6 मिलिलिटर सीरम झालं, म्हणजे दर वेळी 12 मिलिलिटरच्या वर रक्त. मल्टिप्लेक्स पद्धतीत तेवढेच मार्कर एकत्र मोजायला 25 ते 50 मायक्रोलिटर पुरतं, दोनदा मोजलं तरी. तेव्हा सगळं एकदम मोजण्याने रक्त वाचतंच. मात्र औषधाची रक्तातली पातळी आणि नेहमीच्या तपासण्या यांच्या नळ्या वेगळ्या असतात. चाचणीच्या डॉक्टरांना थेट विचारा, पहिल्या महिन्यात एकूण किती मिलिलिटर काढणार, आणि हिमोग्लोबिन कितीच्या खाली गेलं तर थांबणार? हे दोन्ही आकडे त्यांच्याकडे लिहिलेले असतात.

इतक्या वेळा कशाला, याचं उत्तर लंडनमध्ये आहे. 13 मार्च 2006 रोजी नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या एका खासगी केंद्रात टीजीएन1412 नावाची अँटिबॉडी सहा निरोगी तरुणांना दिली गेली. आणखी दोघांना नुसतं बिनऔषधी द्रावण. मात्रा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेवा भाग. दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ सुरू झाली, मग रक्तदाब कोसळला आणि ते अतिदक्षता विभागात गेले. सहाही वाचले, पण एकाला बोटं गमवावी लागली. नंतर रक्ताचे नमुने पाहिले तेव्हा क्रम दिसला : आधी टीएनएफ हे सायटोकाइन उसळलं, मग काही तासांत इंटरफेरॉन गॅमा, आयएल-2, आयएल-6, आयएल-10 वगैरे त्याचे सगळे भाऊबंद. एका दिवसाच्या आत रक्तातल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी जवळपास दिसेनाशा झाल्या. माकडांमध्ये हे झालं नव्हतं, कारण ज्या स्मृतिपेशी (जुने जंतू लक्षात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशी) माणसात भडकल्या, त्यांच्यावर मकाक माकडात औषधाचं लक्ष्य असलेलं सीडी28 नसतंच. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनीही चकवलं. औषध रक्तपेशींमध्ये नुसतं मिसळलं तर शांतता, तेच प्लेटच्या तळाला चिकटवून त्यावर पेशी टाकल्या की सायटोकाइनचा लोंढा.

सहाही जणांना औषध काही मिनिटांच्या अंतराने दिलं गेलं होतं. पहिल्याला त्रास दिसेपर्यंत शेवटच्याच्या शिरेतही ते गेलेलं. आता अशा नव्या औषधांत पहिल्या माणसाला देऊन थांबतात, वाट बघतात, मगच दुसरा. तुमच्या संमतीपत्रात ही वाट किती तासांची किंवा दिवसांची आहे, तेही बघा. मला विचाराल तर तीस मार्करांपेक्षा मी आधी ती ओळ शोधेन.

मग एकच आयएल-6 का मोजत नाहीत? कारण एकटा आकडा फसवतो. टॉसिलिझुमॅब हे औषध आयएल-6 चा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याची बसायची जागा, अडवतं. ते दिल्यावर रक्तातलं आयएल-6 वाढलेलं दिसतं, कारण त्याला बसायला जागा उरत नाही. नुसता तो आकडा पाहिलात तर रुग्ण बिघडला असं वाटेल. पण आयएल-6 च्या हुकमावर यकृतात बनणारा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) त्याच वेळी उतरत असतो. दोन्ही शेजारी ठेवले की अर्थ लागतो. याच औषधाने 2012 मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या मुलीला कार-टी उपचारानंतरच्या (यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडतात) सायटोकाइन वादळातून बाहेर काढलं. तिच्या रक्तात आयएल-6 प्रचंड चढलेलं सापडलं, म्हणून ते द्यायचं सुचलं. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार19, हिला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. कार-टी रुग्णांवर याच वादळासाठी नजर ठेवावी लागते.

रिपोर्ट न मिळण्यात लपवाछपवी आहे असं मला वाटत नाही. हे नमुने उणे 80 अंशांवर साठवतात आणि 96 खणांची प्लेट भरेल इतके जमले की एकत्र लावतात. निकाल यायला आठवडे लागू शकतात. पलंगाशेजारचे निर्णय त्यावर होत नाहीत. ते ताप, रक्तदाब, ऑक्सिजन, सीआरपी आणि फेरिटिन (दाहात वाढणारं लोहसाठ्याचं प्रथिन) यांवर होतात, आणि ते रिपोर्ट तुम्हाला दाखवायलाच हवेत. उरलेले नमुने किती वर्षं ठेवणार, परदेशी जाणार का, हे विचारून घ्या. 2019 च्या औषधचाचणी नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात, आणि इजा चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाई. दीर कधीही बाहेर पडू शकतात, पुढचे नेहमीचे उपचार त्यामुळे अडत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा.

प्रश्न : मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. मल्टिप्लेक्समध्ये एका थेंबात इतकं सगळं कळतं, तर आम्हाला अजून एलायझा का करायला लावतात?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : हात बसावा म्हणून. आणि एलायझात चूक झाली तर एका मार्करची होते, मल्टिप्लेक्समध्ये तिसांची एकदम.

तत्त्व अवघड नाही. सहा मायक्रॉनच्या आसपासचे मणी, त्यांत दोन रंगद्रव्यं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून शंभर जाती केलेल्या. प्रत्येक जातीवर एकेक अँटिबॉडी. मणी एकामागून एक लेझरसमोरून जातात. एक लेझर जात ओळखतो, दुसरा त्यावर किती चिकटलं ते. हे सुंदरच आहे. पण निरोगी माणसात सीआरपी मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि आयएल-6 मोजक्या पिकोग्रॅममध्ये. फरक दहा लाखपटीच्या घरातला. एकाच विरलीकरणात दोन्ही नीट बसत नाहीत, म्हणून पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र मोजायच्या मार्करांच्या संचात, शेजारी कोण ठेवायचं हाच अर्धा अभ्यास. संधिवाताच्या रुग्णांत रुमेटॉइड फॅक्टर (इतर अँटिबॉडींनाच चिकटणारी अँटिबॉडी) किटमधल्या अँटिबॉडींना एकमेकींशी जोडतो आणि नसलेलं सायटोकाइन 'दिसतं'. सीरम घेतलं तर गोठताना प्लेटलेट फुटून व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) वाढतं, न गोठवलेल्या रक्ताच्या प्लाझ्मात ते कमी येतं. दोन्ही एकाच अभ्यासात मिसळणारे महाभाग मी पाहिले आहेत. नळी दुपारभर बाकावर राहिली तर पेशी गप्प बसत नाहीत, त्या काहीबाही सोडत राहतात. माझी बरीचशी नोकरी परळच्या एका प्रयोगशाळेत अशा नळ्यांवरच्या वेळा वाचण्यात गेली, आणि वेळच न लिहिलेली नळी मी परत पाठवत असे. डॉक्टर चिडत. चिडू देत.

शिवाय दोन कंपन्यांच्या किटचे आकडे जुळत नाहीत. म्हणून एका रुग्णाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर लावायचे आणि त्याच्याच औषधाआधीच्या पातळीशी तुलना करायची.

आणि गणित विसरू नकोस. पाच टक्क्यांची कसोटी लावून वीस स्वतंत्र मार्कर तपासलेस, तर औषधाने काहीही केलं नसलं तरी निदान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता 64 टक्के. पहिल्या टप्प्यात एकेका मात्रेवर तीन ते सहा माणसं असतात. एवढ्यात कुठलातरी मार्कर चमकतोच, आणि त्याच्यावर शोधनिबंध लिहायचा मोह होतो. कोणते दोन-तीन मार्कर निर्णायक ते प्लेट लावण्याआधी कागदावर लिहून सही करून ठेव. बाकीचे पुढच्या चाचणीसाठी सुगावे म्हणून वापर.

प्रश्न : घरपोच 'इम्युनिटी प्रोफाइल' तपासणीची जाहिरात पाहिली. आम्हा दोघांना काही त्रास नाही. करून घ्यावी का?
– एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : नको. निरोगी माणसाच्या सायटोकाइनच्या एकट्या आकड्यावरून तुमची प्रतिकारशक्ती चांगली की वाईट हे मला सांगता येणार नाही, आणि जाहिरातवाल्यालाही नाही. सर्दी होऊन गेली, आदल्या रात्री झोप झाली नाही, भरपूर चाललात, तरी आयएल-6 हलतं. पैसे खर्चच करायचे असतील तर दोघांनी फ्लूची लस घेतली आहे का ते आधी बघा. मधुमेह असेल तर एचबीए1सी करून घ्या.