वाचकांचे प्रश्न: चिनी वैद्य म्हणाले किडनी कमजोर आहे, आता काय करू?

प्रश्न: मी सिंगापूरला राहते, वय ४८. काही महिन्यांपासून रात्री घामाने अंग भिजतं, तळहात तळपाय गरम होतात, कानात सूं आवाज येतो, कंबर धरते. इथल्या चिनी वैद्यबाईंनी दोन्ही हातांची नाडी आणि जीभ बघून सांगितलं की किडनीचं यिन कमी झालंय. घाबरून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) केलं तर नॉर्मल! मग खरं कोणाचं? की रिपोर्टमध्ये उशिरा दिसतं?

उत्तर: ताई, आधी भीती मनातून काढा. त्या बाईंनी तुमची किडनी फेल होतेय असं म्हटलेलंच नाही. चिनी वैद्यकात किडनी म्हणजे कंबरेच्या वर मागे असलेला दीडशेएक ग्रॅमचा अवयव एवढंच नसतं, ती कामांची एक मोठी मोट असते. जन्मासोबत मिळालेलं सत्त्व, ज्याला ते जिंग म्हणतात, ते सांभाळणं, वाढ, पाळी, मूल होणं, हाडं, दात, कान, डोक्यावरचे केस, शरीरातलं पाणी आणि भावनांमध्ये भीती, हे सगळं ते किडनीच्या खात्यावर टाकतात. त्यात गारवा आणि ओलावा देणारी बाजू यिन, ऊब देणारी बाजू यांग. यांग कमी झालं तर कंबर-गुडघे गार पडतात, रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, पाय सुजतात, जीभ फिकट दिसते. यिन कमी झालं तर तुम्हाला जे होतंय ते, म्हणजे रात्रीचा घाम, हातापायांची आग, कोरडा घसा, कानात आवाज, आणि जीभ लाल, वर थर नाहीच म्हणावा असा. नाडी बघताना मनगटावर तीन बोटं ठेवतात ना, त्यातलं तळहातापासून सगळ्यात लांबचं बोट खोल दाबून किडनीचा अंदाज घेतात.

'हुआंगदी नेइजिंग' हा त्यांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ बाईचं आयुष्य सात-सात वर्षांत मोजतो. सातव्या वर्षी दात बदलतात, चौदाव्या वर्षी पाळी येते, एकोणपन्नासाव्या वर्षी जाते आणि हे सगळं किडनीच्या जोरावर चालतं असं त्यात म्हटलंय. तुमचं वय ४८. मला तरी हे मेनोपॉजचे, म्हणजे पाळी जातानाचे, हॉट फ्लॅशेस (अंगातून येणाऱ्या गरम वाफा) वाटतात, तुमच्या वैद्यबाईंनी लक्षणं नीट टिपलीत आणि आपल्या शास्त्राप्रमाणे मांडलीत. तरीपण गायनॅकला एकदा दाखवा, थायरॉईड आणि सीबीसी करा, आणि घामासोबत ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल तर अजिबात थांबू नका.

उशिरा दिसतं का, हे तुम्ही फार बरोबर विचारलंत. हो, दिसतं. किडनीचं काम जवळपास निम्मं होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल राहू शकतं. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन (लघवीतून जाणारं प्रथिन) आणि ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) बघून घ्या, हे दोन्ही चांगले आले की किडनीची काळजी करायचं कारण नाही.

गोळ्या दिल्या असतील तर त्या बहुतेक 'लिउ वेइ दी हुआंग वान' असतील, सहा द्रव्यांचं औषध आहे. गंमत अशी की चीनच्या सोंग राजवटीतल्या, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या, च्येन यी ह्या बालवैद्यांनी ते लहान मुलांसाठी केलं होतं, ज्यांची वाढ मागे पडलीय, टाळू भरत नाही अशांसाठी. त्यांनी त्याच्याही कितीतरी आधीच्या हान राजवटीतलं एक जुनं औषध घेतलं आणि त्यातली दालचिनी आणि बचनाग ही दोन गरम द्रव्यं काढून टाकली. आज चीनमध्ये मोठी माणसंच ते जास्त घेतात. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांना सरकारी नोंदणी लागते, ती बघा, औषधाचं नाव लिहून मागा आणि तुमच्या डॉक्टरांना तो कागद दाखवा.

प्रश्न: माझ्या वडिलांना (वय ६६, पुणे) डायबेटीस आहे, क्रिएटिनिन २.१ आहे. मलेशियातल्या एका मित्राने किडनी मजबूत करणाऱ्या चिनी गोळ्या पाठवल्यात, पाकिटावर सगळं चिनीत आहे. नॅचरल आहेत म्हणतो. सुरू करू का?

उत्तर: नको. कृपा करून नको, आणि सुरू केल्या असतील तर आजच बंद करा आणि नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) सांगा.

का ते सांगतो. ब्रुसेल्समधल्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये १९९० च्या सुमारास बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. त्यात फांग ची नावाची एक वनस्पती असायला हवी होती, तिच्या जागी नावाने जवळची पण दुसऱ्याच जातीची, अ‍ॅरिस्टोलोकिया, आली. धडधाकट, बऱ्याचशा तरुण बायका, आणि काही महिन्यांत किडन्या आक्रसून गेल्या. १९९३ मध्ये डॉक्टरांनी हे छापून जगासमोर आणलं, पुढे अशा शंभराच्या वर केसेस निघाल्या, अनेकींना डायलिसिस नाहीतर ट्रान्सप्लांट लागलं आणि औषध बंद करून वर्षं झाल्यावर कित्येकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. ह्यामागे अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड होतं, ते आज जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांमध्ये आहे. चीनने स्वतः २००३ मध्ये ह्या कुळातली ग्वान मु थुंग ही वनस्पती औषधांतून काढून टाकली. आणि हे फक्त चिनी औषधांचं दुखणं नाही बरं का, आपल्याकडचं ईश्वरमूळ, ज्याला सापसंद पण म्हणतात, तेही ह्याच कुळातलं आहे, तेव्हा गावठी काढा असेल तरी आत काय आहे ते विचाराच.

आता तुमच्या वडिलांचं. २.१ क्रिएटिनिन म्हणजे किडनीची ताकद आधीच बरीच कमी झालीय, आणि जी राहिलीय ती त्यांना शेवटपर्यंत पुरवायचीय. ज्येष्ठमध बऱ्याच चिनी मिश्रणांत असतं आणि त्याने बीपी चढतं. नीट शुद्ध न केलेल्या बचनागाने हृदयाचे ठोके बिघडतात. आणि आत काय आहे हे आपल्याला वाचताच येत नसेल तर डॉक्टरांनी तरी काय सांगायचं? त्यांची किडनी खरंच वाचवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत, साखर आणि बीपी आटोक्यात ठेवणं, डॉक्टर देतील त्या गोळ्या न चुकवणं, मीठ कमी, तंबाखू बंद, आणि कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून न खाणं. ह्या शेवटच्या गोष्टीकडे घरात कुणाचंच लक्ष नसतं, तुम्ही ठेवा.

मित्राचं मन दुखावेल असं वाटत असेल तर माझं नाव सांगा.

प्रश्न: वय २३, नाव देत नाही. मोबाईलवर एका व्हिडिओत बघितलं की हस्तमैथुनाने किडनी कमजोर होते, चिनी औषधात पण असंच सांगितलंय. माझी कंबर दुखते, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. माझी किडनी गेली का?

उत्तर: नाही रे मित्रा, नाही गेली. विचारलंस हे फार चांगलं केलंस, कारण हीच भीती मनात घेऊन कित्येक मुलं वर्षानुवर्षं गप्प बसतात.

वीर्य किडनीत बनत नाही आणि साठतही नाही, ते वृषण, प्रोस्टेट आणि आजूबाजूच्या ग्रंथींमध्ये तयार होतं आणि शरीर ते बनवतच राहतं. चिनी वैद्यकात वीर्य हे किडनीच्या जिंगचाच भाग मानतात, त्यामुळे तिकडच्या तरुणांनाही हीच धास्ती असते, कंबर दुखणं, थकवा, झोप उडणं, सगळं तुझ्यासारखंच. मानसोपचारात त्याला शेनकुई म्हणून ओळखतात. आणि आपल्याकडे 'धात जाते' म्हणतात ना, तेच. आपल्याकडचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये त्याला धात सिंड्रोम म्हणून मांडलं. दोन्हीकडे त्रास खरा असतो, कंबर खरंच दुखते, थकवा खरंच येतो, पण मुळाशी भीती आणि अपराधीपणा असतो आणि त्यावर उपचार आहेत. फॅमिली डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन, बी१२, व्हिटॅमिन डी, शुगर बघून घे, दिवसभर कसा बसतोस ते सांग. सगळं नॉर्मल आलं आणि तरी मन लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट, त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव, किडनीची ताकद वाढवणाऱ्या म्हणून ऑनलाईन विकतात त्या मर्दानगीच्या कॅप्सूल घेऊ नकोस. अमेरिकेच्या एफडीएला (तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेला) अशा हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात लपवून घातलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, वारंवार सापडलंय. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाने ते नकळत खाल्लं तर बीपी एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. घरात कुणी मोठ्यांनी मागवलं असेल तर त्यांनाही सांग.

प्रश्न: काळे तीळ, अक्रोड, काळा राजमा खाल्ल्याने किडनी सुधारते का? (नाशिकच्या वाचक काकू)

उत्तर: काकू, चिनी पंचतत्त्वांत किडनी पाण्याची, रंग काळा, ऋतू हिवाळा, म्हणून थंडीत हे खायला सांगतात. निरोगी माणसाने जरूर खावं, चांगलंच अन्न आहे. बिघडलेली किडनी मात्र ह्याने सुधारत नाही, उलट तीळ, अक्रोड, राजमा तिन्हींत पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर असतं, तेव्हा ज्यांचं क्रिएटिनिन वाढलंय त्यांनी रक्तातलं पोटॅशियम किती आहे ते बघून आणि डायटिशियनना विचारूनच किती खायचं ते ठरवावं.