गोठवणारा बलून: जुना आणि नवा

प्रश्न : एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या विकारासाठी) क्रायोबलून, म्हणजे हृदयातील ऊती गोठवणारा बलून, सुचवला आहे. ‘आर्क्टिक फ्रंट’ या ब्रँडच्या बलूनच्या पिढ्यांमध्ये खरोखर फरक असतो का?

उत्तर : असतो, आणि सर्वांत मोठा फरक पहिल्या व दुसऱ्या पिढीत आहे. फुप्फुसांतून डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) येणाऱ्या शिरेच्या तोंडाशी बलून फुगवून बलूनच्या आत नायट्रस ऑक्साइड हा थंड करणारा वायू सोडतात. पहिल्या पिढीत त्यासाठी ४ छिद्रे होती आणि थंडावा मधल्या पट्ट्यातच एकवटे. बलून जरा तिरका बसला की शिरेभोवतीचे गोठलेले वर्तुळ अपुरे राही, ठोके बिघडवणारे विद्युतसंकेत तिथून हृदयात निसटत. २०१२च्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स’मध्ये, ८ छिद्रे पुढे सरकवली, आता पुढचा सबंध अर्धगोल गोठतो. पूर्वी २४० ते ३०० सेकंदांच्या दोन फेऱ्या करत, आता अनेकदा १८० सेकंदांची एकच पुरते.

वाढलेल्या थंडीचा धोका उजव्या शिरांजवळच्या फ्रेनिक नसेला (श्वासपटल हलवणाऱ्या चेतातंतूला) असतो. म्हणून तिकडे गोठवताना नसेला पेसिंग (विजेचे सौम्य झटके) देत, बरगडीखाली हात ठेवून श्वासपटलाचे ठोके तपासतात. ते मंदावले की गोठवणे तत्काळ थांबवायलाच हवे.

तिसऱ्या पिढीत बलूनचे टोक आखूड झाले. त्यामुळे शीर नेमकी कधी विलग झाली (तिचे विद्युतसंकेत हृदयापर्यंत पोचणे कधी थांबले) ते जास्त वेळा दिसते. बलून जागी टिकवायला आधार मात्र थोडा कमी मिळतो. डॉक्टरांना पिढीच्या आधी हे विचारा : नसेवर लक्ष कसे ठेवणार?