कंसातली सही

प्रश्न: वय ५७, निवृत्तीला तीन वर्षं. माझी मैत्रीण विणकर बायकांकडून रास्त दराने हातमागाचं कापड घेऊन विकते. तिच्या व्यवसायात पैसे घातले तर वर्षाला १४ टक्के देईन म्हणते. पैसा सत्कारणी लागावा असं फार वाटतं. माझी बचत ६० महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे, त्यातली २४ महिन्यांची रक्कम देऊ का? (माझ्या ३० महिन्यांच्या घरखर्चाएवढ्या तिच्या कर्जाला मी जामीन राहिले आहे, पण ती नुसती औपचारिकता.)

उत्तर: २४ महिन्यांचं नंतर बघू. मला काळजी वाटते ती कंसातल्या वाक्याची.

जामिनाची सही कधीच औपचारिकता नसते. हप्ते थकले की बँक तुमच्याकडे येणार, आणि ‘आधी तिच्याकडून वसूल करा’ असं म्हणायची सोय बहुतेक करारांत ठेवलेली नसते. तुम्ही कळवलेलं कर्ज ३० महिन्यांच्या खर्चाएवढं आहे. २४ आणि ३० म्हणजे ५४. ६० मधून उरले ६, आणि तीन वर्षांनी पगार बंद! शिवाय व्यवसाय बसला तर गुंतवणूक आणि जामीन दोन्ही एकदमच अंगावर येतील. ‘नुसती सही कर’ असं तुम्हाला ज्याने कुणी सांगितलं, त्याचा मला मनापासून राग आला आहे.

मैत्रीण अप्रामाणिक आहे असं मी म्हणत नाही. हा धंदाच पैसा अडकवणारा आहे. जागतिक रास्त व्यापार संघटनेच्या तत्त्वांप्रमाणे कारागिराने मागितल्यास हस्तकलेच्या मालाची निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते. ते योग्यच आहे. त्याशिवाय विणकर बाई सूत कुठून आणणार? पण ठाण विणून, धुऊन, घडी घालून दुकानात जातं आणि दुकानदार पैसे देतो महिन्या-दोन महिन्यांनी. ऑर्डर वाढली की चणचणही वाढते. अशा धंद्यातून १४ टक्के, म्हणजे साधारण पाच वर्षांत दुप्पट, कुठून निघणार? विणकरणीच्या मजुरीतून, नाहीतर पुढच्या गुंतवणूकदाराच्या पैशातून. ब्रिटनमधली ट्रेडक्राफ्ट ही रास्त व्यापार करणारी कंपनी १९७९ पासून हेच काम निष्ठेने करत होती, सर्वसामान्य लोकांनी तिचे शेअर घेतले होते. जानेवारी २०२३ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

तेव्हा २४ महिन्यांची रक्कम देऊ नका. याच आठवड्यात बँकेत जाऊन हमीपत्राची प्रत मागा. कर्ज दरवर्षी नवं होताना तुमची हमीही आपोआप पुढे चालू राहते का, ते वाचा. राहत असेल तर यापुढच्या रकमेला जामीन नाही, असं लेखी कळवून पोच घ्या. आधीच्या रकमेतून सुटायला मैत्रिणीला दुसरा जामीनदार किंवा तारण द्यावं लागेल. तिच्याशी हे बोलणं अवघड आहे, पण टाळू नका.

हे मार्गी लागलं की दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला काढा. तिच्याकडे कापडाची ऑर्डर नोंदवा आणि सगळे पैसे आधी द्या. त्यावर व्याज मागू नका. माग रिकामा असेल त्या महिन्यात ऑर्डर दिलीत तर उत्तम.