हिमोग्लोबिन वाढले, मग स्टेरॉइड का थांबवायचे नाही?

प्रश्न : माझ्या आईला (वय ५४) वॉर्म ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमिया झाला आहे. हिमोग्लोबिन ५.८ होते, ते प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने तीन आठवड्यांत १०.५ वर आले. पण चेहरा सुजला आहे आणि साखरही वाढली आहे. या गोळ्या थांबवून लोहाच्या गोळ्या दिल्या तर चालेल का?

उत्तर : नाही, आपणहून असा बदल करू नये. आपल्या आईच्या शरीरात तांबड्या पेशी तयार होतात, पण टिकत नाहीत. एरवी सुमारे १२० दिवस जगणाऱ्या या पेशींना शरीराच्या तापमानातच चिकटणारी प्रतिपिंडे या आजारात तयार होतात आणि अशा पेशी मुख्यतः प्लीहेत नष्ट केल्या जातात. त्यांतील लोह बहुतांशी शरीरातच पुन्हा वापरले जाते. त्यामुळे तपासणीत कमतरता आढळल्याशिवाय लोहाचा उपयोग नाही. फॉलिक अ‍ॅसिड मात्र नव्या पेशी झपाट्याने बनताना खर्ची पडते, म्हणून ते देतात.

हिमोग्लोबिन वाढले म्हणजे प्रतिपिंडे संपली असे नव्हे. स्टेरॉइडचा डोस काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. घाई केली तर आजार उलटतो, आणि गोळ्या एकाएकी बंद केल्यास, शरीराची स्वतःची कॉर्टिसोलनिर्मिती (कॉर्टिसोल म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड) मंदावलेली असल्याने, रक्तदाब कोसळू शकतो. हिमोग्लोबिन स्थिर असूनही रेटिक्युलोसाइट (नव्या, अपक्व तांबड्या पेशी) आणि एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) चढेच असतील, तर पेशींचा नाश सुरूच असून अस्थिमज्जा केवळ भरपाई करत आहे, असे समजावे. कूम्ब्स चाचणी (तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे दाखवणारी) मात्र आजार आटोक्यात आल्यावरही पॉझिटिव्ह राहू शकते. तेवढ्यावरून घाबरू नये.

साखरेबाबत एक गोष्ट हमखास निसटते. पेशी अल्पायुषी असल्याने एचबीएवनसी (साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) प्रत्यक्षापेक्षा कमी येते, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका. ग्लुकोमीटरवर, विशेषतः दुपारच्या जेवणानंतरची साखर पाहा. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाविषयीही विचारा.

डोस कमी करताच आजार परतत असेल, तर सहसा रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा विचार होतो. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी अनिवार्य आहे. प्लीहा काढण्याची वेळ आता बऱ्याच जणांवर येत नाही. ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार) किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) यांसारखे मूळ कारण शोधले गेले आहे ना, याची खात्री करून घ्या.

लघवी गडद होणे, धाप लागणे, छातीत दुखणे किंवा एकाच पायाला सूज येणे (या आजारात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो) यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जाताना पूर्वीचे रक्तगटाचे आणि क्रॉसमॅचचे अहवाल सोबत न्या, कारण या प्रतिपिंडांमुळे रक्तपेढीला रक्त जुळवणे अवघड जाते.