आईचा कान वाहतो, मशीन घालता येत नाही

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो, आई ५८ वर्षांची आहे. लहानपणापासून तिचे दोन्ही कान वाहतात. ऐकायचं मशीन घेतलं पण मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, कानात बसला की आठ दिवसांत कान ओला, वास यायला लागतो, की मशीन परत डब्यात. आता हाडात इम्प्लांट बसवा म्हणतात. शेजारच्या बाळाचं सरकारी योजनेतून कॉक्लिअर झालं, हे तेच का? डोक्याचं ऑपरेशन म्हणून आई फार घाबरलीय.

उत्तर : ताई, हे ते नाही. कॉक्लिअरमध्ये आतल्या कानाच्या शंखात इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवतात, म्हणजे आतला कानच काम करत नाही तेव्हा, आणि बाळाला मिळाली ती योजना लहान मुलांसाठी आहे. आईंचा बिघाड बहुतेक पडद्याचा आणि मधल्या कानाचा असणार. दोन्ही कान बोटांनी घट्ट दाबून पापड खाऊन बघा, केवढा कुरकुराट ऐकू येतो! तो आवाज हाडातून थेट आतल्या कानात जातो, हे इम्प्लांट तीच वाट वापरतं. कानामागच्या हाडात टायटॅनियमचा ३-४ मिलिमीटरचा स्क्रू बसतो, मेंदूला हात लागत नाही, आणि कानाचं भोक मोकळं राहतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७७ पासून हे करतायत, म्हणजे आईंवर काही प्रयोग होणार नाहीये.

ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, हाडाची रेघ (हाडातून किती ऐकू येतं ती) बघायला सांगा, ती चांगली असेल तर चांगला फायदा, तीही खाली गेली असेल तर कमी. आणि स्क्रूवर बाहेरून जे आवाजाचं यंत्र लागतं, तेच ऑपरेशनच्या आधी हेडबँडवर लावून ट्रायल मागाच, माझा यावर फार जोर असतो. क्लिनिकच्या शांत खोलीत सगळ्यांनाच बरं ऐकू येतं हो, आईंना बँड लावून बुधवारच्या बाजारात न्या, भाजीवालीने सांगितलेला भाव त्यांना कळतो का बघा, घरी स्वयंपाकघरातून तोंड न दाखवता हाक मारा. बँडवर आवाज थोडा दबका येतो, स्क्रूवर जास्त स्पष्ट. स्क्रू कातडीबाहेर दिसणारा असेल तर रोज भोवती साफ करावं लागतं, आत चुंबक असलेल्या प्रकारात ते नाही, पण पुढे एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं.

मला काळजी मात्र तुम्ही लिहिलेल्या वासाची वाटते. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाला वास येत असेल तर आत कातडीची गाठ वाढून हाड कुरतडत असू शकते, कोलेस्टिॲटोमा म्हणतात. मशीनचं नंतर बघू, या आठवड्यातच ईएनटीकडे दुर्बिणीने कान तपासून घ्या आणि सीटी स्कॅन लागेल का विचारा.